'गार्डियन'मधल्या त्या दोघांना नुसते मित्र म्हणू नका

रातकिडा

काल 'बाकावरचा' यांनी लिहिलं: "चिनी 'गार्डियन' मालिकेत दोन पुरुषांची निखळ मैत्री आहे. पुरुषानं पुरुषाला जीव लावला की लगेच त्याला प्रेमप्रकरण म्हणणारी पिढी आली आहे. मैत्रीला मैत्री राहू द्या." वाचून झोपायला गेले, झोप लागेना, उठून लिहायला बसले.

मूळ कादंबरी प्रीस्ट या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखिकेची. कादंबरीत दोन नायक, शेन वेई आणि झाओ युनलान, एकमेकांच्या प्रेमात आहेत. आडपडदा नाही, 'समजून घ्या' नाही. 2018 च्या जूनमध्ये योकू या चिनी व्हिडिओ साइटवर मालिका आली, 40 भागांची, आणि त्यातून ते प्रेम काढलेलं होतं. कारण आदल्याच वर्षी तिथल्या ऑनलाइन कार्यक्रमांच्या नियमावलीत समलिंगी संबंधांना 'विकृत लैंगिक संबंध' या खात्यात टाकलं होतं. भुताखेतांनाही बंदी, म्हणून कादंबरीतली पाताळातली मंडळी मालिकेत परग्रहावरची झाली. ज्या कात्रीनं भुतांचे परग्रहवासी केले, तिनंच प्रियकराचा मित्र केला. परग्रहवासी बघून आपण सगळे म्हणतो, हे सेन्सॉरसाठी केलंय. मग मित्राच्या बाबतीत ते 'निखळ' कसं होतं?

आणि कापूनही काय उरलंय ते बघा. शेन वेईच्या गळ्यात एक लोलक असतो. कितीतरी भाग आपण तो नुसता बघत राहतो. शेवटाकडे कळतं की त्यात लॉलीपॉपचा कागद आहे. दहा हजार वर्षांपूर्वी युनलाननं त्याला दिलेल्या लॉलीपॉपचा. तो कागद चुरगळू न देता या माणसानं दहा हजार वर्षं छातीशी बाळगला. युनलानच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला येतो, त्याच्या पोटदुखीला जपतो, त्याचा पसारा आवरतो, आणि तोंडानं एक शब्द काढत नाही. मी तो लोलकाचा भाग बघितला तेव्हा माझा चहा गार झाला होता आणि मला कळलंही नव्हतं.

याला मैत्री म्हणणं म्हणजे सेन्सॉरनं जे लिहून दिलं त्याखाली आपण सही करणं.

बाकावरचा

माझंच नाव घेतलंय तर उत्तर देतो. कादंबरी मी वाचलेली नाही. मुलीनं मालिका लावून दिली, मी ती पूर्ण पाहिली. पडद्यावर जे आहे त्यावर बोलायचा मला हक्क आहे. कापलेलं काय होतं ते शोधत बसलो तर कुठलंच नाटक-सिनेमा बघता येणार नाही.

आता माझं ऐका. 1981 ते 87 मी आणि माझा मित्र सोलापुरात एका खोलीत राहिलो. एक स्टोव्ह, एक सायकल, थंडीत एकच चांगली रजई. मला कावीळ झाली तेव्हा त्यानं तीन आठवडे बिनपगारी रजा घेतली आणि मला मऊ भात भरवला. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. 2021 च्या एप्रिलमध्ये तो गेला. शेवटचं दर्शनही झालं नाही. तेराव्याला चार माणसं जमली होती. त्याच्या आठवणी सांगताना माझा आवाज बसला, तर एक पुतण्या हसत म्हणाला, "काका, तुमच्या दोघांचं नक्की होतं तरी काय?" सगळे हसले.

ते हसणं माझ्या कानातून जात नाही. शेन वेई त्या पोराला जपतो ते बघताना मला माझा मित्र दिसला. तुम्ही म्हणता ती मैत्री नाही. मग माझ्याकडे जे होतं त्याला काय म्हणायचं?

अंजीर

काका, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं आणि पुतण्याचा राग आला. पण एक विचारते. मालिका निखळ मैत्रीची होती, तर संपल्यावर दोन आठवड्यांत, ऑगस्ट 2018 मध्ये, ती योकूवरून काढली का? काही महिन्यांनी काटछाट करून परत आणली. मैत्रीत कापायचं काय होतं?

चिनी प्रेक्षकांना सगळं माहीत होतं. 'समाजवादी बंधुप्रेम' हा शब्द तेव्हा सगळीकडे फिरत होता. त्या दोघांची नजर एकमेकांवर जरा रेंगाळली की लोक लिहायचे, "किती सुंदर समाजवादी बंधुप्रेम!" हसूही होतं त्यात आणि बचावही, कारण दुसरं काही लिहिलं तर मालिकाच जाईल ही भीती. 2016 मध्ये 'अडिक्टेड' या चिनी मालिकेचं हेच झालं. आजच्या काळातल्या दोन शाळकरी मुलांची गोष्ट, 15 भागांची. शेवटचे तीन राहिले असताना फेब्रुवारीत रातोरात गायब. त्यात प्रेम उघड होतं, म्हणून पुढच्यांनी ते लपवायला शिकून घेतलं.

चहापोळी

मूळ विषयात पडत नाही, पण 'झाओ' लिहिणं थांबवा. 'झ' कुठून आला? इंग्रजी स्पेलिंग बघून. चिनी उच्चार 'च'च्या जवळचा आहे, जीभ टाळूकडे वळवून, महाप्राण बिलकुल नाही. चाओ युनलान. आणि 'शेन' नव्हे, 'शन'. मी चार वर्षं ही भाषा शिकले. आपल्या लिपीत हे आवाज इंग्रजीपेक्षा चांगले उतरतात, तरी आपण इंग्रजीच्या खिडकीतूनच बघतो.

तेच शब्दांचं. तुम्ही 'मित्र की प्रियकर' यावर भांडताय, पण या मालिकांमध्ये जो शब्द जीव काढतो तो तिसराच आहे: चृजी. 'द अनटेम्ड' या 2019 च्या मालिकेत एक नायक, वेई वूश्येन, दुसऱ्याला, लान वांगजीला, म्हणतो की मी तुला आयुष्यभराचा चृजी मानत होतो. लान वांगजी एवढंच म्हणतो, "अजूनही आहे." इंग्रजी सबटायटल्समध्ये 'सोलमेट' येतं आणि सगळा रस जातो. शब्दशः 'मला जाणणारा'. मराठीत काय म्हणाल?

बाकावरचा

जिवलग.

अंजीर

जिवलग तर आपण कुणालाही म्हणतो. निमंत्रणपत्रिकेत 'जिवलग मित्रपरिवार' असतो.

चहापोळी

जिवलगमध्ये जवळीक आहे, जाणणं नाही. याच घरातला दुसरा शब्द म्हणजे 'चृयिन', सूर जाणणारा. 'बो-या' नावाच्या वादकाची गोष्ट. तो 'छिन' नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. मनात डोंगर आणून वाजवलं की त्याचा मित्र चोंग त्सची म्हणायचा, "अहाहा, थाय पर्वतासारखं." मनात वाहतं पाणी आणलं की तेही तो ओळखायचा. चोंग त्सची मेला. बो-यानं तारा तोडल्या, वाद्य फोडलं आणि जन्मात परत वाजवलं नाही. ऐकणाराच नाही तर कुणासाठी वाजवायचं?

बाकावरचा

हे! हेच सांगतोय मी कालपासून. दोन-अडीच हजार वर्षं चिनी माणसं ही गोष्ट सांगतायत आणि कुणी विचारलं नाही की त्यांचं नक्की काय होतं.

अंजीर

त्याच चीनमध्ये हान सम्राट आय याचीही गोष्ट सांगतात. तुंग श्येन त्याच्या बाहीवर डोकं ठेवून झोपला होता. सम्राटाला उठायचं होतं, पण त्याची झोप मोडू नये म्हणून त्यानं बाही कापली. पुरुषांमधल्या प्रेमाला चिनीत अजून 'कापलेली बाही' म्हणतात. ही पण दोन हजार वर्षांची. तुमची गोष्ट जुनी आणि आमची नवी, असं नाहीये काका.

रातकिडा

शब्द मी सांगते. सखा. वारकऱ्याचा विठ्ठल सखा, अर्जुनाचा कृष्ण सखा, आणि लावणीतली बाई ज्याची वाट बघते तोही सखाच. मराठीनं एकाच शब्दात हे सगळं ठेवलंय. चृजीला याहून जवळचा शब्द नाही.

बाकावरचा

आता कृष्णार्जुनालाही यात ओढणार? काही मर्यादा? तुमच्यासारख्यांना प्रत्येक नात्याचा रंग एकच दिसतो.

रातकिडा

मी शब्द ओढला, अर्जुनाला नाही. आणि 'तुमच्यासारखे' म्हणजे कोण ते स्पष्ट लिहा. काल 'पिढी', आज 'तुमच्यासारखे'. मी 41 वर्षांची आहे, दोन मुलांची आई आहे आणि ही मालिका तीनदा पाहिलीय. मला काय दिसतं ते मी पुरावे देऊन सांगितलंय. तुम्हाला दुखतंय म्हणून लेखिकेनं लिहिलेलं खोटं ठरत नाही.

चहापोळी

'सखा'ला माझा विरोध आहे. त्यात भक्ती आली, शृंगार आला, पण समोरच्यानं मला *ओळखलं* हे कुठे आलं? लान वांगजी इतकं कमी बोलतो की सगळे त्याला दगड समजतात. वेई वूश्येनला त्याच्या कपाळावरची आठी वाचता येते. 'अंतरीची खूण पटणं' असं आपल्याकडे म्हणतात. तसा माणसासाठी शब्द हवा.

कोरा कागद

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

आम्ही दोघं पुण्यात 11 वर्षं एकत्र राहतोय. सोसायटीत मित्र. गावाकडे मित्र. त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढपात पुढे, फोटोत सगळ्यात कडेला, कारण मित्र. 2019 मध्ये त्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री दहाला एका दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचे कोण?" मी म्हटलं, "मित्र." त्या म्हणाल्या, "नातेवाईक कुणी आहे का?" त्याचा भाऊ लातूरहून निघाला. सही त्याची लागणार होती. तो पोचेपर्यंत सात तास मी बाकावर बसलो. मांडीवर त्याच्या चपला होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्याच्या आदल्या वर्षी, 6 सप्टेंबर 2018 ला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता. आम्ही पेढे आणले होते, दार लावून खाल्ले. पण त्या फॉर्मवर आमच्यासाठी रकाना नव्हता.

बाकावरचा, तुमच्यापासून 'मित्र' हा शब्द मला हिसकावून घ्यायचा नाही. तुमच्या दोस्तानं भरवलेला मऊ भात खरा आहे. पण तोच शब्द माझ्यावर 11 वर्षं झाकणासारखा ठेवलाय. तुम्ही 'मैत्रीला मैत्री राहू द्या' म्हणता तेव्हा मला झाकण आणखी घट्ट बसवल्याचा आवाज येतो.

अंजीर, तुमच्याशीही भांडण आहे. या दानमेई, म्हणजे पुरुषांमधल्या प्रेमाच्या चिनी कादंबऱ्या, बहुतेक बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या. दोघंही देखणे, दोघंही दहा हजार वर्षं थांबायला तयार. कुणालाही घरभाड्याचा करार दोघांच्या नावानं करावा लागत नाही. आम्ही तुमचं स्वप्नरंजन नाही. तरी 'गार्डियन' मी पाहिली, कारण युनलानचे डोळे जातात तेव्हा शेन वेई ज्या चेहऱ्यानं त्याच्याजवळ असतो, तो चेहरा माझा आहे. बोलायची परवानगी नाही आणि जागचं हलवत नाही. शेन वेई करणाऱ्या चू यीलोंगनं ते सेन्सॉरमुळे केलं की अभिनयाच्या समजेनं, मला फरक पडत नाही.

अंजीर

स्वप्नरंजन म्हणालात ते लागलं. पण त्या लिहिणाऱ्या बायकांचं काय होतं तेही बघा. टोपणनावानं लिहिणारी त्येनयी, पुरुषांमधल्या शृंगाराची कादंबरी विकली म्हणून 2018 मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली तिला. ज्या वेबसाइटवर प्रीस्ट लिहायची तिथे मानेखालचं काही लिहायचं नाही असा नियम आहे. त्या आरामात बसून स्वप्नं रंगवत नव्हत्या. घरभाड्याचा करार कुणी लिहीत नाही, हे मात्र खरं आहे. मी वाचलेल्या एकाही कादंबरीत तो नाही.

रातकिडा

कोरा कागद, तुमचं वाचून मी काल लिहिलेलं परत वाचलं. मी ते प्रेम आहे हे सिद्ध करण्यात इतकी गुंतले की बाकावरचा यांना जे विचारायचं होतं त्याला उत्तरच दिलं नाही. पुतण्या हसला ते वाईट होतं. आणि आमच्या चाहत्यांच्या गटात आम्ही खऱ्या नटांच्या जोड्या लावतो, त्यांच्या मुलाखती थांबवून थांबवून बघतो, तेव्हा थोडं तसंच करतो. 2020 मध्ये 'द अनटेम्ड'मधला नट श्याओ चान याच्या चाहत्यांचं एका चाहत्याच्या कथेवरून भांडण झालं, तक्रारी गेल्या आणि चीनमध्ये एओथ्री ही चाहत्यांच्या कथांची अख्खी वेबसाइटच बंद पडली. खऱ्या माणसाला कुणाच्या तरी गोष्टीत कोंबल्यावर काय होतं ते तेव्हा दिसलं.

पण शेन वेई आणि युनलान खरी माणसं नाहीत. त्यांची गोष्ट एका बाईनं लिहिली आणि ती दुसऱ्या कुणी बदलली. तिथून मी हलणार नाही.

बाकावरचा

रात्रभर 'झाकण' डोक्यात होतं.

कादंबरी प्रेमाची होती, मान्य. सरकारच्या भीतीनं कापली, मान्य. 'निखळ' हा शब्द मागे घेतो. मैत्री निखळ म्हटली की दुसरं ते भेसळीचं ठरतं, हे लिहिताना ध्यानात आलं नाही. 'तुमच्यासारखे'ही मागे. 'मैत्री' मागे घेत नाही. मला त्या मालिकेत माझा मित्र दिसला आणि तो दिसणारच.

दवाखान्यातल्या बाकाचं एक. 2021 मध्ये मला आत सोडलं नाही, कारण मी नातेवाईक नव्हतो. बाहेर रिक्षातच बसून होतो. हे मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

कादंबरी मराठीत नसणारच. इंग्रजीत आहे का?

अंजीर

आहे, तीन खंडांत. भुतं परत भुतं झालेली आहेत त्यात.

चहापोळी

आणि इंग्रजीत वाचलीत तरी मनात 'चाओ' म्हणा.

कोरा कागद

पहिला खंड आमच्या घरी आहे. समासात पेन्सिलीनं बरंच काही लिहिलेलं आहे, ते माझं नाही, त्याचं. चालणार असेल तर पाठवतो.