वेस्ट लफायेटला राहायला जावं का? आकडे बघून धडकी भरली आहे

एडिसनची_मृणाल

नमस्कार मंडळी. नवऱ्याला पर्ड्यू विद्यापीठात नोकरी मिळाली आहे. शिकवायची नाही, प्रयोगशाळेतली. ऑगस्टच्या आत न्यू जर्सीहून इंडियानात बस्तान हलवायचं आहे. मुलगी सातवीत.

घरं बघण्याआधी गाव कसं आहे ते बघावं म्हणून जनगणना खात्याच्या साइटवर बसले आणि झोपच उडाली. वेस्ट लफायेटमध्ये दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचं प्रमाण देशाच्या दुपटीहून जास्त. घरटी उत्पन्न आमच्या एडिसनच्या जवळपासही नाही. लोकसंख्या २०१० मध्ये २९,५९६ होती, ती २०२० मध्ये ४४,५९५. दहा वर्षांत माणसं दीडपट झाली तर शाळा, रस्ते, दवाखाने पुरतात कसे? त्यात एका साइटने गुन्ह्यांसाठी गावाला 'सी' श्रेणी दिली आहे.

नवरा मुलाखतीला जाऊन आला, म्हणतो गाव झकास आहे. पण त्याला बरा चहा मिळाला की कुठलंही गाव झकास वाटतं. तिथे राहणारं कोणी आहे का इथे?

शॅम्पेनचा_बंडू

आमच्या शॅम्पेन-अर्बानाचे आकडेही असेच रडतात. विद्यापीठाच्या गावाचं सरासरी काहीही बघू नका, एवढंच सांगतो. बाकी वाबाशकाठकर ताई येतीलच, त्या तिथल्याच आहेत.

वाबाशकाठकर

आले. मृणाल, मी वाबाश नदीच्या या बाजूला, म्हणजे नुसत्या लफायेटमध्ये राहते आणि कामाला पलीकडे वेस्ट लफायेटला जाते. विद्यार्थ्यांना घरं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचे हिशेब लिहिते. त्यामुळे तुमच्या तक्त्यातले 'गरीब' माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत.

आधी लोकसंख्येचं. पंधरा हजार माणसं सामानसुमान घेऊन आलेली नाहीत. २०१४ च्या सुमारास शहराने विद्यापीठाचा परिसर आपल्या हद्दीत घेतला. तोवर वसतिगृहातली हजारो मुलं कागदोपत्री शहराबाहेर झोपत होती. हद्दीची रेघ सरकली आणि ती शहरवासी झाली, बिछाना तोच. विद्यापीठाची पटसंख्या वाढली आहे हेही खरं, आणि तिचा ताण भाड्यांवर दिसतो. पण तुम्ही घाबरलात ती उडी मुख्यतः नकाशाची.

आता दारिद्र्य. वसतिगृहातल्या मुलाला जनगणना खातं दारिद्र्याच्या गणतीत धरतच नाही, ना गरिबांत, ना एकूण माणसांत. तेच पोरगं पुढच्या वर्षी रस्ता ओलांडून फ्लॅटमध्ये आलं की गणतीत येतं आणि आल्या दिवशी गरीब ठरतं.

कॅम्पसला लागून असलेल्या चॉन्सीजवळ आमच्याकडे चार खोल्यांचं एक घर आहे. चार मुलं, चार वेगळे करार, चौघांचे आईवडील जामीनदार. भाडं एक तारखेला जमा, त्यातले दोन चेक नेपरव्हिल आणि फिशर्स या सुखवस्तू उपनगरांतून येतात. दारातल्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा नव्या. एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा २०२३ मध्ये १५,८५२ डॉलर होती. कॅफेटेरियात अर्धवेळ काम करून मुलगा समजा आठ हजार मिळवतो, आणि शिक्षणाचं कर्ज उत्पन्नात धरत नाहीत. चौघांचं एकमेकांशी नातं नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र तोलतात. झाले चार दरिद्री. गंमत पुढे आहे. 'घरटी उत्पन्न' काढताना मात्र याच चौघांची बेरीज करतात, म्हणजे बत्तीस हजारांचं एक घर. ते खाली ओढतं तुमचा दुसरा आकडा.

हे काही माझं गावाकडचं गणित नाही. जनगणना खात्याने स्वतः २००९ ते २०११ च्या आकड्यांतून वसतिगृहाबाहेर, घरच्यांपासून वेगळे राहणारे विद्यार्थी वगळून पाहिले, तर अख्ख्या देशाचं दारिद्र्य १५.२ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. देश एवढा हलतो तर ज्या गावाचं मध्यक वयच (निम्मे लोक त्याहून लहान, निम्मे मोठे) विशी-बाविशीत आहे त्याचं काय होत असेल!

मग बघायचं काय? ज्या तक्त्यात रूममेट शिरू शकत नाहीत तो काढा. 'घर' सोडा, 'कुटुंब' धरा, म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याने एकत्र राहणारे. कुटुंबाचं मध्यक उत्पन्न जनगणना खात्याच्या बी १९११३ क्रमांकाच्या तक्त्यात आहे, कुटुंबांचं दारिद्र्य बी १७०१० मध्ये. बी १९०४९ मध्ये घरमालक किंवा भाडेकरूच्या वयानुसार उत्पन्न मिळतं. त्यातला २५ ते ४४ आणि ४५ ते ६४ एवढाच भाग वाचा, पंचविशीखालच्यांकडे बघूच नका. पासष्ट हजारांहून लहान गावाला हे तक्ते फक्त पाच वर्षांचे एकत्रित मिळतात, म्हणून वर्षागणिक चढउतार हवा असेल तर गाव ज्यात येतं ती टिपिकॅनू काउंटी घ्या, तिची लोकसंख्या २०२० मध्ये १,८६,२५१ होती.

पण सगळंच दारिद्र्य खोटं आहे असं समजू नका, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पीएचडी करणारा नवरा, एफ-२ (विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावरची बायको, तिला नोकरीची परवानगीच नाही, पदरात लहान मूल. अशी आपल्याकडची, चीनमधली, आफ्रिकेतली कितीतरी जोडपी इथे आहेत. ती कुटुंबाच्या तक्त्यातही दिसतील, आणि ती खरंच ओढगस्तीत असतात. नदीच्या माझ्या बाजूला सुबारू, कॅटरपिलरचे कारखाने आणि त्यांच्याभोवतीचे कामगार; इथे जी तंगी दिसते ती विद्यार्थ्यांची नव्हे. 'छान गाव, आकडे चुकीचे' असं उडवून लावलंत तर मला पटणार नाही.

दुपारची_पाळी

गुन्ह्यांबद्दल मी सांगतो, इथेच शिकलो. ती 'सी' देणारी साइट गुन्हे भागिले रहिवासी करते. विद्यापीठाच्या रॉस-एड फुटबॉल स्टेडियममध्ये सामन्याच्या शनिवारी साठेक हजार माणसं येतात. त्यांनी केलेला दंगा आणि त्यांची फुटलेली काच वर अंशात धरतात, ती माणसं खाली छेदात कुठेच नाहीत. शिवाय शहराचे पोलीस वेगळे, विद्यापीठाचे वेगळे, दोघेही आपापला हिशेब देतात. विद्यापीठाला क्लेरी कायद्याखाली (कॅम्पसवरचे गुन्हे जाहीर करायला लावणारा) दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल काढावाच लागतो, तो जरूर वाचा. माझ्या काळात सायकलचोरीच जास्त. चांगलं कुलूप घ्या.

एडिसनची_मृणाल

बी १९११३ काढलं. आकडा एवढा वर गेला की दोनदा तपासला. ताई, भाड्याचं आणि शाळेचंही सांगाल का? भाड्यावर उत्पन्नाचा निम्मा भाग घालवणारे लोक तिथे खूप दिसताहेत.

वाबाशकाठकर

ते आमचेच चौघे. आठ हजार मिळवून महिन्याला सात-आठशे भाडं देणारा कागदावर कर्जबाजारीच दिसणार. जाहिराती बघताना जपा: कॅम्पसजवळ भाडं 'बेड'मागे लिहितात, घरामागे नाही. स्वस्त वाटलेलं घर चारपट असतं. करार ऑगस्ट ते जुलैअखेर असतात आणि चांगली घरं आदल्या हिवाळ्यातच जातात. कुटुंबासाठी सालिसबरी रस्त्याने उत्तरेला, कंबरलँडच्या आसपास बघा.

शाळेसाठी पत्त्यावर भरवसा ठेवू नका. ४७९०६ हा पिनकोड शहराच्या बाहेर लांबवर पसरलाय. पत्त्यावर 'वेस्ट लफायेट' असूनही घर शहराच्या शाळा-जिल्ह्यात नसेल, तर बहुधा टिपिकॅनू काउंटीच्या जिल्ह्यात पडेल आणि मुलगी पुढे शहराच्या हायस्कूलऐवजी हॅरिसन हायस्कूलला जाईल. दोन्ही शाळा चांगल्या आहेत. पण गाव बघून घर घ्यायचं नि शाळा दुसरी निघायची, ही चुकामूक इथे नेहमीची.

शॅम्पेनचा_बंडू

मराठी लोक किती, ते शोधायला जाऊ नका हं मृणालताई. भाषांच्या सविस्तर तक्त्यात आपण 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय भाषा' अशा एका गाठोड्यात आहोत. त्यापेक्षा गणपतीत विद्यापीठात चक्कर मारा, मोदकांच्या रांगेत मोजणी होईल.

वाबाशकाठकर

बंडूचं खरं आहे, मोदक बरे असतात.

एक राहिलंच. घर विकत घेणार असाल तर आधीच्या कराची पावती बघून दचकू नका. इंडियानात स्वतः राहत असलेल्या घरावरचा कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर थांबतो, भाड्याने दिलेल्या घराला ही मर्यादा २ टक्के. इथली बरीच घरं विद्यार्थ्यांना दिलेली असतात, म्हणून जुनी पावती फुगलेली दिसते. तुम्ही राहायला आलात की काउंटी ऑडिटरकडे होमस्टेडचा, म्हणजे स्वतः राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज झाला ना, ते पक्कं करा. शाळेसाठी सार्वमताने मंजूर झालेला कर मात्र या मर्यादेच्या बाहेर असतो, तो वेगळा धरा. घरांची यादी झाली की इथे टाका, कुठलं कुठल्या शाळेत पडतं ते बघून सांगते.