मदत हवी आहे : द्राक्षबागेच्या व्हिडिओंवर घर चालवायचंय

नमस्कार मंडळी. मी तासगावचा, घरची दोन एकर द्राक्षबाग. तीन वर्षं बागेतलेच व्हिडिओ युट्यूबवर टाकतोय. खरड छाटणी, विरळणी, दावण्या हा बुरशीचा रोग कसा ओळखायचा. पान उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवलेला व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात पान, त्यावर पहाटेचं दव तसंच.

१००० सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे ४००० तास भरले, जाहिराती सुरू झाल्या. पत्ता तपासायला गुगल पाठवतं ते पिनचं पत्रही पोस्टमनकाकांनी आणून दिलं. पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि तेवढे जमायला मला तीन-चार महिने लागतात. नुसत्या जाहिरातींवर घर चालणार नाही, हे आता पक्कं कळलंय.

एका औषध कंपनीनं पैसे देऊ केले होते. ते औषध मी स्वतः कधी मारलेलं नाही, म्हणून नाही म्हणालो. माझ्या शब्दावर कुणी फवारणी करतं, त्याचा हंगाम जायला नको.

सांगली-साताऱ्यात कुणी पैसे घेऊन छाटणीचं शिबिर किंवा बागभेट ठेवतं का? माणशी किती घेता? जीएसटीची २० लाखांची मर्यादा अजून लांब आहे, पण डॉलरमधली कमाई आयकराच्या रिटर्नमध्ये कशी दाखवता? लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी केलीय, त्यावर बँकेनं कुणाला कर्ज दिलंय का? अशी कामं करणारा सीए ओळखीचा असेल तर कृपया कळवा. ऑक्टोबर छाटणीच्या आत ठरवायचंय.