'पदक आणा, मग कॅमेरा येईल' म्हणणाऱ्यांना लांबलचक उत्तर

बालाघाटी

ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक. बुधवारी रात्री आपला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला अकरावा आला. गुरुवारपासून त्यावर एक पोस्ट आपल्याकडच्या निम्म्या ग्रुपांवर फिरायली. लिहिणारा बीडकडचाच. म्हणतो, "साबळेला टीव्हीवर नीट दाखवलं नाही म्हणून गळे काढू नका. अकराव्याला कोण दाखवतं? पदक आणा, मग कॅमेरा आपोआप येईल." खाली अंगठेच अंगठे. गप्प बसणार होतो, पण आता बसवत नाही.

पदक आणा म्हणे! २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलात ह्याच पोरानं रौप्य आणलं. १९९४ नंतर त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला पदकच मिळालं नव्हतं, आणि ह्याचं सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदानं. २०२३ ला हांगझोउला आशियाई सुवर्ण, वर ५००० मीटरचं रौप्य. अजून किती आणली म्हणजे कॅमेरा येतो, तेवढा रेट एकदा सांगून टाका.

आता बुधवारची रात्र. त्या दिवशी सकाळी पैलवान विनेश फोगाटचं १०० ग्रॅम वजन जास्त भरलं आणि तिला बाद केलं. मोठी बातमी, मान्य. मीही दिवसभर तेच बघितलं. पण दुपारपासून तेच टेबल, तेच चार जण, तोच वजनकाटा. त्यात कोलंबोला क्रिकेटवाले ११० धावांनी हरले, मग त्याचं सुतक. आपल्या मराठी चॅनेलांवर 'आज रात्री सव्वा वाजता आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा माणूस ऑलिम्पिकची फायनल पळणार आहे' ही एक ओळ खालच्या पट्टीत मला तरी दिसली नाही. ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. आई-बाप वीटभट्टीवर राबलेले. एरवी असल्या गोष्टीला ह्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

मी ज्या चॅनेलवर बघायलो होतो तिथं मीराबाई चानूचं वेटलिफ्टिंग झालं, एका किलोनं कांस्य हुकलं, त्याची हळहळ चालू असतानाच शर्यतीवर उडी. मोरोक्कोचा अल बक्काली कोण, इथिओपियाच्या गिर्माचा विक्रम किती, आपल्या माणसानं महिन्यापूर्वी पॅरिसमध्येच ८:०९.९१ काढलेत म्हणजे तो नेमका कुठं बसतो, काही नाही. शर्यत संपली, "साबळे अकरावे, ८:१४.१८", लगेच जाहिरात.

कॅमेऱ्यावर माझा राग नाही. स्टुडिओवर आहे.

गोदाकाठी

सुरेख रडगाणं. आता खरं ऐका. ऑलिम्पिकचं चित्रण आपलं चॅनेल करतच नाही. ओबीएस म्हणून ऑलिम्पिक समितीचीच संस्था आहे, तिचं एकच चित्र अख्ख्या जगाला जातं. तिच्या दिग्दर्शकाला मांडवाही माहीत नाही आणि नांदेडही. शेवटच्या फेरीत अमेरिकेचा रुक्स अचानक सगळ्यांच्या पुढं गेला, विश्वविक्रमवाला गिर्मा अडथळ्याला अडकून आपटला, बक्कालीनं शेवटी येऊन सोनं नेलं. त्या वेळी त्यानं मागं वळून अकराव्याला दाखवायचं?

आणि गुरुवारी रात्री नीरजच्या भाल्याला आमची अख्खी गल्ली जागी होती. पाकिस्तानच्या नदीमनं ९२.९७ मीटर टाकला तेव्हा शेजारच्या काकांनी रिमोट आपटला. आदल्या रात्री साबळेसाठी त्या गल्लीत कुणाच्या खिडकीत उजेड होता? बघणारा जिथं, तिथं टीव्ही. सोपं आहे.

बालाघाटी

शेवटची ओळ वाचायची राहिली वाटतं तुमची. कॅमेऱ्यावर राग नाही, असंच लिहिलंय. ओबीएसचं चित्र एक, पण त्यावर बोलणारं तोंड आपलं, आधीचा-नंतरचा स्टुडिओ आपला, पळून आलेल्याला गाठायला माईकवाला आपला. तिथं काय केलं ते सांगा. खिडकीत उजेड नव्हता कारण शर्यत कधी आहे तेच कुणाला सांगितलं नव्हतं.

पीटीचे सर

मी परभणी जिल्ह्यात शाळेवर आहे. सोमवारी साबळे हीटमध्ये, म्हणजे पात्रता शर्यतीत, पाचवा येऊन फायनलला गेला, तेव्हापासून पोरांच्या मागं लागलो होतो की बुधवारी जागा. जागणारी जागली, बाकीच्यांनी सकाळी स्टेटस बघितलं. आठवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, ते लोक पाण्यात का उडी मारायलेत? सरळ ओलांडून का जात नाहीत?" टीव्हीवर तासभर बसली होती, पण हे तिला कुणी सांगितलं नाही.

सांगायला किती लागतं? तो खड्डा साडेतीन मीटरपेक्षा जास्त लांब असतो. अडथळ्याजवळ खोल, पुढं उतरत उथळ. म्हणून अडथळ्यावर पाय देऊन जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी, बूट हलका. असं ७ वेळा, आणि २८ कोरडे अडथळे वेगळे. शेवटच्या हजारात पाय शिसं झालेले असताना. पळणाऱ्याची अक्कल कळायची ती जागाच ती आहे, आणि तिथं कॉमेंट्रीवाले कितवा कितवा करत बसतात. हे मी मातीच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून समजावलं. चुना माझ्या पैशाचा. क्रीडा साहित्याच्या निधीचं विचारू नका, तो विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

लातूरची लेक

सर, निदान टीव्हीवर दिसलं तरी तुमच्या पोरीला. आमच्याकडं केबलवाल्यानं खेळाचं चॅनेलच बंद केलंय. विचारलं तर म्हणतो, कुणी बघत नाही ताई. आणि पहिला पहिला करणाऱ्यांनो, २०१६ ला रिओत ललिता बाबर ह्याच शर्यतीच्या फायनलला दहावी आली होती. माणदेशातली, दुष्काळाचीच पोर. तिला किती जणांनी बघितलं होतं ते सांगा. तेव्हा हा धागा कुणी काढला नव्हता.

वायरवाला जालना

ताई, केबलवाल्याला शिव्या घालणं लई सोपं असतंय. मी ह्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. २०१९ पासून चॅनेल तुम्ही निवडायचं, पैसे तुम्ही भरायचे. गिऱ्हाईक सगळ्या सीरियल घेतं, खेळाचं चॅनेल म्हटलं की "राहू द्या, वर्ल्ड कपला चालू करा". मग ऑलिम्पिक आलं की रात्री अकराला फोन: चालू कर. पैसे? पुढच्या महिन्यात.

लातूरची लेक

आमचं बिल वेळेवर असतं. आणि दूरदर्शन तर फुकट आहे ना? त्याच्यावर ऑलिम्पिक होतं म्हणायलेत सगळे. ते तरी दाखवा.

वायरवाला जालना

हा, आता आलात मुद्द्यावर. २००७ चा कायदा आहे. देशासाठी महत्त्वाच्या स्पर्धांचं चित्रण हक्क विकत घेतलेल्या कंपनीनं प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शनला, द्यायचंच. जाहिरातीचे पैसे ७५-२५, त्यात ७५ कंपनीला. इथपर्यंत ठीक. पण २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते चित्र दूरदर्शननं फक्त आपल्या टॉवरवरून आणि आपल्या फ्री डिशवर दाखवायचं, खासगी केबलला द्यायचं नाही. म्हणजे छत्री (डिश) लावणाऱ्याला फुकट, आणि महिन्याला पैसे भरून माझी वायर घेणाऱ्याला नाही. ह्यात माझा काय दोष? मी काय कोर्टात होतो?

भोकरदनची छत्री

बरोबर! म्हणून आम्ही वायर तोडली आणि छत्री लावली. एकदाच खर्च. महिन्याची कटकट नाही, वायरवाल्याची मिजास नाही.

वायरवाला जालना

आणि पाऊस आला की छत्रीवर मुंग्या. श्रावणात तुमची छत्री काय दाखवते ते मला माहीत आहे, तुमच्या गल्लीतले चौघं परत माझ्याकडं आलेत.

भोकरदनची छत्री

मुंग्या तर मुंग्या, फुकटच्या आहेत. तुमच्या वायरवर तर माकड बसलं की चॅनेल जातं. आमच्या आळीत तीन दिवस बंद होतं, फोन उचलला नाही कुणी. कुणाचा धंदा आहे ते सांगत नाही, समजणारा समजतो.

वायरवाला जालना

नाव घ्या की मग. हिंमत नाही आणि आळीचं बोलायलेत.

मुक्काम पुणे

मला एक कळत नाही. २०२४ मध्ये केबल आणि छत्रीवर भांडण? मी पूर्ण ऑलिम्पिक फोनवर बघितलं, ॲपवर फुकट होतं, एकाच वेळी वेगवेगळ्या मैदानांचं चित्र निवडता येत होतं. साबळेची फायनलही तिथंच, चकाचक. प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, मानसिकतेचा आहे. मराठवाड्यानं रडणं सोडलं पाहिजे.

लातूरची लेक

झालं. आले.

बालाघाटी

दादा, मूळ गाव कुठलं तुमचं? 'मुक्काम' लिहिलंय म्हणून विचारतो.

मुक्काम पुणे

पाटोदा. का?

बालाघाटी

मग दिवाळीला आलात की घराच्या गच्चीवरून तेच ॲप चालू करून दाखवा. आमच्या डोंगरात फोन लावायचा तर माणूस वाटेवरच्या लिंबाखाली जातो. तिथं उभं राहून पहाटे सव्वा वाजता स्टीपलचेस बघायची म्हणता? मानसिकता लई चांगली आहे आमची, रेंज नाही.

मुक्काम पुणे

ठीक आहे, रेंजचं मान्य. पण "अन्याय झाला" हा सूर तुमच्या लेखातही आहेच. १ तारखेला राधानगरी तालुक्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं कांस्य घेतलं तेव्हा सगळ्या चॅनेलांनी कांबळवाडी दाखवली. तो काही मुंबईचा नव्हता. पदक आलं, कॅमेरा गेला. मूळ पोस्टवाला चूक काय म्हणतो?

गोदाकाठी

हेच मी पहिल्यापासून सांगायलोय, पण इथं छत्रीचा बाजार भरलाय.

पीटीचे सर

कुसाळेचं उदाहरण उलटं लागतं. आदल्या दिवशी पात्रता फेरीत तो सातवा येऊन फायनलला गेला. सातवा! त्या दिवशी कोण बघत होतं? गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, तीन पद्धतीनं नेम धरतात हे लोकांना कळलं ते पदक आल्यावर, मोबाईलवरच्या तुकड्यातून. आदल्या दिवशी नीट समजावून दाखवलं असतं तर फायनलला लोक जास्त बसले असते. पदकानंतर कॅमेरा येतो तो आईला "कसं वाटतंय" विचारायला. खेळ दाखवायला नाही.

गोदाकाठी

सर, तुम्ही शिक्षक, तुम्हाला सगळं समजावूनच हवं. चॅनेल म्हणजे शाळा नाही. आशियाई सुवर्णाच्या वेळी तुम्ही तरी जागेवर होता का?

पीटीचे सर

हांगझोउची शर्यत रविवारी दिवसाढवळ्या होती. वर्गातल्या पोरांना घरी बोलावून दाखवली. बायकोनं चहा केला सगळ्यांना. अजून काही?

गोदाकाठी

नाही. तुम्ही अपवाद. अभिनंदन. अख्ख्या मराठवाड्यात एक माणूस सापडला.

लातूरची लेक

दोन धरा. माझी पोरगी ८०० मीटर पळते. बुधवारी शेजारणीकडं जाऊन बघितलं, त्यांच्याकडं छत्री आहे (हो, छत्री, वायरवाले भाऊ, वाचा). पोरगी विचारायली, आई, त्याचं लॅप टायमिंग का दाखवत नाहीत. पुढं पळणाऱ्यांचंच येत होतं पडद्यावर. ते ओबीएसचं असेल, मला ते इंग्रजी नाव आज कळलं. पण सगळ्यांचे फेरीनिहाय आकडे तिथं असतात ना? आपल्या कॉमेंट्रीवाल्यानं वाचून दाखवायला कुणी धरलं होतं? त्यावरूनच कळलं असतं की तो कुठं मागं पडला, पहिल्या हजारात का शेवटच्या. "जोर लगाओ, जोर लगाओ" ओरडून काय कळतं?

गोदाकाठी

…हे एक बरोबर आहे. आकडे वाचायला पाहिजे होते. घ्या, तेवढं दिलं तुम्हाला. बाकी कायम.

बालाघाटी

उपकार झाले. सातबाऱ्यावर नोंद करून ठेवतो.

भोकरदनची छत्री

विषय भरकटवू नका. तीन दिवस केबल बंद होती त्याचे पैसे परत मिळतात का, कुणाला माहीत आहे?

वायरवाला जालना

आधी वायर तोडली म्हणता, मग केबल बंद होती म्हणता. एक काहीतरी ठरवा.

पीटीचे सर

सप्टेंबर २०२४ ला ब्रसेल्सला डायमंड लीगची, म्हणजे ॲथलेटिक्सच्या वर्षभराच्या मालिकेची, फायनल आहे. साबळे त्यात आला तर पोरांना दाखवायची आहे. कुठल्या चॅनेलवर लागेल?

बालाघाटी

सर, मीही तेच शोधायलोय. भारतात नक्की कोण दाखवतं ते कुणी लिहा. आणि वेळसुद्धा, आपल्या घड्याळातली.

वायरवाला जालना

चॅनेल कळलं की सांगा, चालू करून देतो. शाळेला एक महिना फुकट. छत्रीवाल्यांना नाही.

भोकरदनची छत्री

मागितलं कुणी?