साभार, सौजन्य, संदर्भ, श्रेय : कुठे कोणता शब्द?

मूळ प्रश्न

चार-पाच जण मिळून एकच विज्ञानलेख लिहितात. कोणी मसुदा करतं, कोणी आकडे तपासतं, कोणी चित्रं शोधतं, कोणी मराठी सुधारून देतं. अशा लेखाच्या तळाशी हमखास एक ओळ येते : "माहिती व चित्रे आंतरजालावरून साभार." आक्षेप घेतला की समोरून विचारणा होते, "मग काय लिहू?" आणि तिथे माझीच पंचाईत होते. साभार, सौजन्य, संदर्भ, स्रोत, आधार, ऋणनिर्देश, श्रेय हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. त्यांच्यात खरंच फरक आहे का? असला तर तो पाळायचा, की उगाच कीस काढायचा?

प्रतिसाद १

पाळायचा. वाचकाच्या मनात तीन निरनिराळे प्रश्न असतात : हे काम कोणाचं? तुम्हाला कुठून कळलं? आणि ते वापरायची मुभा तुम्हाला कशी मिळाली? पहिल्याचं उत्तर श्रेय, दुसऱ्याचं आधार (किंवा संदर्भ), तिसऱ्याचं परवाना. 'साभार' यांपैकी कशाचंच उत्तर देत नाही. त्यातून एवढंच कळतं की लिहिणारा मनातून आभारी आहे. संपादक नापसंत कवितासुद्धा साभारच परत पाठवतात.

श्रेय आणि आधार यांत गल्लत होते, म्हणून एक वाक्य घेऊ. "अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचं फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं." श्रेय वाक्यातच आलं, छान. पण लिहिणाऱ्याने तो शोधनिबंध उघडला होता का? बहुतेक वेळा नाही. त्याने हे एखाद्या विश्वकोशात किंवा पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. तेव्हा श्रेय त्या तिघांचं, आधार मात्र त्या पाठ्यपुस्तकाचा. तळटीपेत पाठ्यपुस्तकाचं नाव हवं. तिथे 'नेचर'चा खंड-पृष्ठ क्रमांक डकवला तर आपण न वाचलेलं वाचल्याचा आव आणतो.

उलट बाजूनेही तेच. पाठ्यपुस्तकाचा आधार दिला, पण शोध कोणाचा हे गाळलं, तर वाचकाला वाटतं की शोधच पाठ्यपुस्तकाच्या लेखकाचा.

प्रतिसाद २

परवान्याबद्दल थोडी भर. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (खुल्या वापरासाठी तयार केलेल्या परवान्यांच्या मालिकेतल्या) 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या' या प्रकारच्या परवान्याखाली असतो. म्हणजे परिच्छेद जसाच्या तसा किंवा अनुवाद करून घ्यायला कोणाची ना नाही. पण मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव आणि आपण बदल केले असतील तर तसा उल्लेख, एवढं द्यावं लागतं. शिवाय त्यातून तयार झालेला आपला मजकूरही त्याच अटींवर इतरांना खुला करावा लागतो. "विकिपीडियावरून साभार" लिहून या अटी पुऱ्या होत नाहीत. पानाचा दुवा महत्त्वाचा, कारण लिहिणाऱ्यांची नावं त्या पानाच्या इतिहासात असतात.

'सौजन्य' हा शब्द मी फक्त चित्रांसाठी राखून ठेवतो, आणि तोही कोणी आपणहून चित्र दिलं असेल तेव्हाच. न विचारता उचललेल्या चित्राखाली 'सौजन्य' लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चांगुलपणाची परस्पर घोषणा! नासाच्या बऱ्याचशा चित्रांवर स्वामित्वहक्क नसतो, तरी स्रोत म्हणून आमचा उल्लेख करा, असं नासा सांगते. तिथे सरळ "चित्र : नासा" पुरे. शोधयंत्राचं नाव मात्र कधीही स्रोत म्हणून लिहू नये. त्याने फक्त ठिकाण दाखवलं.

प्रतिसाद ३

अवांतर : शब्द 'स्रोत' आहे. 'स्त्रोत' नाही. स्तोत्राशी त्याचं नातं नाही. धन्यवाद.

प्रतिसाद ४

"वाक्यं बदलली आहेत, मग चोरी कशी?" हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, म्हणून जुन्या शब्दांची आठवण करून देतो. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांचा वेगवेगळा विचार केला आहे. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना निराळी, याला त्याने 'प्रतिबिंबकल्प' म्हटलं. थोडीफार डागडुजी करून तीच गोष्ट वेगळी भासवणं म्हणजे 'आलेख्यप्रख्य'. विषय काव्याचा आहे, आणि घेतलेलं नीट लपवता येणाऱ्या कवींवर राजशेखर फारसा रागावतही नाही, तो भाग सोडा. शब्द आपल्या कामाचे आहेत.

उदाहरणार्थ, समजा मूळ वाक्य असं आहे : "क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो, कारण प्रत्येक फेरीनंतर तो पुन्हा मोकळा होतो." आणि आपल्या मसुद्यात येतं : "एकच क्लोरीन अणू हजारो ओझोन रेणूंचा नाश करण्यास समर्थ असतो, कारण दर चक्राअखेर तो मुक्त होतो." एकही शब्द न चुकवता पर्यायी शब्द बसवलेत. क्रम तोच, जोड तीच, 'कारण'सुद्धा त्याच जागी. हे प्रतिबिंबकल्प. तळटीप दिली तरी अडचण राहतेच, कारण तळटीप सांगते की माहिती तिथली. वाक्याचा सांगाडाही तिथलाच आहे हे ती सांगत नाही. यावर दोनच मार्ग : अवतरणचिन्हांत मूळ वाक्य घ्या, नाहीतर पुस्तक मिटून, समजलेलं आपल्या शब्दांत लिहा आणि मग आकडे ताडून पाहा.

'वाङ्मयचौर्य' हा शब्द मात्र जपून वापरावा. नवख्या माणसाच्या पहिल्याच मसुद्यावर तो फेकला की पुन्हा तो माणूस दिसत नाही. शिवाय दुसऱ्याचा आलेख किंवा निरीक्षणांचा तक्ता उचलला तर त्यात वाङ्मय कुठे आहे? साधा 'उचलेगिरी' शब्द जास्त व्यापक आहे. आणि हेतू माहीत नसेल तर "श्रेयनिर्देश राहिलाय" एवढं म्हटलं तरी काम होतं.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ शी सहमत. आणखी एका प्रकाराला मराठीत नाव हवं आहे. २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावरच्या कोआटी या प्राण्याच्या लेखात 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' असं टोपणनाव गंमत म्हणून घुसवलं. पुढे ते वर्तमानपत्रांत आलं, पुस्तकात आलं, आणि मग तेच छापील उल्लेख विकिपीडियावर पुरावा म्हणून लागले. आर्डव्हार्क आफ्रिकेतला, कोआटी अमेरिका खंडांतला. दोघांचा काडीचा संबंध नाही.

याला "वर्तुळाकार संदर्भ" असं भाषांतर करण्यापेक्षा न्यायदर्शनातला, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातला 'अन्योन्याश्रय' घ्यावा. अ चा आधार ब, ब चा आधार अ. तीन किंवा जास्त दुवे फिरून पहिल्यावर आले तर 'चक्रक'. आणि प्रत्येक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला, मूळ कुठेच सापडलं नाही, तर 'अनवस्था'. सामूहिक लेखनात हे दोष नेहमी येतात, कारण प्रत्येकाला वाटतं की मागच्याने तपासलं असेल.

मूळ प्रश्नकर्ता

अन्योन्याश्रय आवडला, घेतो. श्रेय, आधार, परवाना अशा तीन स्वतंत्र ओळी लेखाखाली ठेवायचं ठरवतोय. पण श्रेयाच्या ओळीत कोणाकोणाला घ्यायचं? शुद्धलेखन तपासणारा लेखक म्हणायचा का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

लेखक म्हणू नका, पण गाळूही नका. शोधनिबंधांसाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची वर्गवारी आहे : संकल्पना, आकडेवारीची जपणूक, पहिला मसुदा, परीक्षण-संपादन वगैरे. आपल्याला १४ लागणार नाहीत. "मसुदा", "आकड्यांची पडताळणी", "चित्रं", "भाषासंपादन" असं नावापुढे लिहिलं की भांडणं कमी होतात, आणि आकडा चुकला तर कोणाला विचारायचं हेही कळतं.

प्रतिसाद ६

अनुवादित लेखांचं काय? इंग्रजी लेखाखालच्या तीस-चाळीस तळटीपा अनुवादक जशाच्या तशा आणतो. त्यातली एकही उघडून पाहिलेली नसते. त्यांना आधार म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

म्हणूच नये. दोन मथळे करावेत : "मूळ लेखातील संदर्भ" आणि "अनुवादकाने पाहिलेले संदर्भ". दुसऱ्या मथळ्याखाली दोनच नोंदी असल्या तरी चालतील.