मदत हवी आहे: मृद्भांड्यांच्या मातीतील भर कुंभाराने नेमकी कशासाठी घातली, हे कसे ओळखावे?

नमस्कार. प्राचीन मृद्भांड्यांचे भौतिक गुणधर्म आणि ती घडवणाऱ्यांचे तांत्रिक निर्णय यांचा संबंध मी अभ्यासते आहे आणि एका मुद्द्यावर अडले आहे. पुरातत्त्व, पदार्थविज्ञान किंवा प्रत्यक्ष मातीकाम यांपैकी कशाचाही अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

स्वयंपाकाच्या भांड्यांच्या मातीत वाळू, दगडाचा चुरा किंवा कुटलेले शिंपले अशी भर भरपूर घालायची आणि भांडी मात्र कमी तापमानाला भाजायची, ही पद्धत एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक प्रदेशांत आढळते. तिचे भौतिक स्पष्टीकरण मला पटते. वाळूतील क्वार्ट्झ या खनिजाचे कण तापताना भोवतालच्या मातीपेक्षा जास्त प्रसरण पावतात, ५७३ अंश सेल्सिअसला त्यांची स्फटिकरचना बदलते तेव्हा ते आणखी फुगतात, आणि निवताना तसेच आकसत असल्यामुळे कणांभोवती पोकळ्या व सूक्ष्म भेगा उरतात. यामुळे भांड्याची ताकद घटते, पण चिवटपणा वाढतो: आचेवर तडा गेलाच तर तो या भेगांशी अडतो, वळतो, त्याला फाटे फुटतात आणि भांडे एकदम दुभंगत नाही. याउलट जास्त भाजलेल्या, बारीक पोताच्या भांड्यात तडा सहजी सुरू होत नाही, परंतु सुरू झाला की आरपार जातो.

माझी अडचण यापुढची आहे. हीच भर ओल्या मातीचे वाळतानाचे आकसणे कमी करते, आणि उघड्यावरच्या भाजणीत तापमान झपाट्याने चढते तेव्हा आतल्या वाफेला बाहेर पडायला वाटही देते. घडवणे, भाजणे आणि वापरणे या तिन्ही टप्प्यांवर एकच उपाय उपयोगी पडत असेल, तर कुंभाराने तो कोणत्या टप्प्यासाठी योजला हे खापरावरून कसे ठरवायचे?

उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस कुटलेल्या शिंपल्यांची भर रूढ झाली, तिच्याविषयी हाच वाद आहे. शिंपल्याच्या चपट्या कणांमुळे तडे अडतात, असे एक मत आहे. तेथील पूरमैदानाच्या चिकट मातीला शिंपल्यातील कॅल्शियममुळे घडवण्याजोगा पोत येतो, असे दुसरे. मला या उदाहरणाचे विशेष महत्त्व वाटते, कारण शिंपले वापरण्यात धोकाही आहे. भाजणीचे तापमान फार चढले तर कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होऊन चुना बनतो, तो पुढे हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचे टवके उडतात. शिंपले गोळा करणे, कुटणे आणि वर भाजणीवर ही मर्यादा सांभाळणे एवढे सगळे कोणी पत्करले असेल, तर ती निवड केवळ हाताशी असलेल्या मातीमुळे झाली असे मानणे मला कठीण जाते. तरीही निवड जाणीवपूर्वक होती एवढेच त्यातून कळते, तिचा हेतू कळत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. एकाच स्थळावर स्वयंपाकाची आणि साठवणीची भांडी अगदी एकाच मिश्रणाची निघाली, तर वापरातील गुणधर्मांचा विचार झालाच नव्हता असे म्हणता येईल, की घडवण्याच्या सोयीसाठी केलेली ती तडजोड मानावी? गोलाकार तळ आणि खडबडीत बाह्यपृष्ठ हेही आचेवरचे ताण सोसायला मदत करतात. तर ते भरीच्या हेतूचा स्वतंत्र पुरावा धरता येतील का? आणि शेवटचा प्रश्न मोजमापाचा: जमिनीत गाडले गेल्यामुळे कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) विरघळून जाते, वापरातल्या तापण्यानेही नव्या भेगा पडतात, अशा वेळी मूळ खापरांची ताकद मोजण्यापेक्षा तशाच मिश्रणाच्या पट्ट्या नव्याने भाजून त्यांची चाचणी घेणे अधिक विश्वसनीय ठरेल का? अशा चाचण्या कोणी केल्या असतील, तर भरीचे प्रमाण आणि भाजणीचे तापमान यांपैकी आधी काय स्थिर ठेवले, तेही कृपया लिहावे.