कॅसच्या सर्व्हिससाठी १५० तास भरावेच लागतात का?

मुलगी आयबी डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिल्या वर्षाला आहे. कॅस म्हणजे त्यातला क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस म्हणजे समाजसेवा असा सक्तीचा भाग. त्यातली क्रिएटिव्हिटी आणि ॲक्टिव्हिटी ठीक चालू आहे, गिटार शिकते, बास्केटबॉल खेळते, पण सर्व्हिसचं काही जमत नाहीये. कुणीतरी १५० तास लागतात म्हणून सांगितलं तेव्हापासून तिने एका कागदावर १५० चौकोन आखून भिंतीला लावलेत, त्यातले ६ रंगवलेत आणि बाकीचे बघून रडवेली होते. वर्गातली मुलं दर रविवारी नवीन ठिकाणी जाऊन सर्टिफिकेट आणतात. आम्हीही तेच करायचं का?

पहिलं उत्तर
ताई, आधी तो कागद भिंतीवरून काढा. १५० तास हा जुना हिशोब, तोही पूर्ण कॅसचा, नुसत्या सर्व्हिसचा नाही; आता आयबी तास मोजत नाही. साधारण १८ महिने नियमित काहीतरी चालू हवं, सात लर्निंग आउटकम्स (यातून काय शिकायचं याचे ठरलेले मुद्दे) दिसायला हवेत, आणि निदान महिनाभर चालणारा एक प्रोजेक्ट. मार्क नसतात, पण कॅस पूर्ण नसेल तर डिप्लोमा अडतो, म्हणून शेवटावर ढकलू नका. माझ्या मुलाने ढकललं आणि परीक्षेच्या तोंडावर रात्री बसून वर्षभराची रिफ्लेक्शन्स (प्रत्येक अनुभवातून काय वाटलं, काय शिकलो याच्या नोंदी) आठवून लिहीत होता, फार हाल झाले त्याचे.

दुसरं उत्तर
तास मोजणारे नियम दुसरीकडे आहेत, म्हणून गोंधळ होतो. कॅनडातल्या ओंटारियोत हायस्कूल डिप्लोमाला ४० तास लागतात आणि घरातली कामं किंवा पगारी काम त्यात धरत नाहीत. तुमचं वेगळं आहे.

तिसरं उत्तर
मी स्वतः कॅस केलंय. दर शनिवारी वृद्धाश्रमात एका आजोबांना पेपर वाचून दाखवायचो. पहिले दोन शनिवार ते माझ्याकडे बघतही नव्हते, तिसऱ्या शनिवारी गेलो तर शेजारची खुर्ची त्यांनी पुसून ठेवलेली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन चार ओळी लिहिल्या, तेच माझं सगळ्यात चांगलं रिफ्लेक्शन. रोज नवीन ठिकाणी गेलो असतो तर ती खुर्ची दिसलीच नसती. तिला सांगा, एकच जागा धर, आधी तिथल्या लोकांना विचार काय हवंय, आणि त्याच दिवशी लिही.

मूळ प्रश्नकर्ती
कागद काढला! जवळच्या लहान मुलांना बास्केटबॉल शिकवू का म्हणतेय. पण बास्केटबॉल आधीच ॲक्टिव्हिटीत दाखवलंय, मग सर्व्हिसमध्ये धरतील?

पहिलं उत्तर देणारी
धरतात, एका अनुभवात दोन गोष्टी बसू शकतात. स्वतःची प्रॅक्टिस वेगळी आणि शिकवणं वेगळं एवढं लिहिण्यात दिसू दे. फक्त सुरू करायच्या आधी शाळेतल्या कॅस कोऑर्डिनेटरला विचारून घ्या, नंतर नाही.