वाचनालयाच्या भिंतीवर हिदायतुल्ला हवेत का?

वणाकाठ
आमच्या गावच्या वाचनालयाला (हिंगणघाट तालुका) यंदा नवी खोली मिळाली. तिथं विदर्भात घडलेल्या माणसांच्या तसबिरी लावायच्या ठरल्या. तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, पंजाबराव देशमुख या नावांवर कोणाचंच दुमत नव्हतं. मी माजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचं नाव सुचवलं आणि बैठक तिथंच अडली. दोन आक्षेप आले. ते विदर्भाचे नाहीत, हा एक. आणि न्यायाधीशानं राष्ट्रपतीच्या खुर्चीत बसणं मुळातच गैर, हा दुसरा. मला दोन्ही मान्य नाहीत.

माणूस शिकला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, पुढे केंब्रिजला. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन परतला तो नागपुरातच वकिली करायला. तिथल्या लॉ कॉलेजात त्यांनी १९३५ ते १९४३ शिकवलं, मग मध्यप्रांत-वऱ्हाडचे (नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांताचे) ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील झाले, १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये तिथलेच मुख्य न्यायाधीश. त्या वेळी देशातल्या कुठल्याही हायकोर्टात एवढ्या कमी वयाचा मुख्य न्यायाधीश नव्हता.

आता राष्ट्रपतिपदाचं. ३ मे १९६९ ला झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती गिरी कारभार पाहू लागले, पण त्यांना स्वतःला निवडणूक लढवायची होती, म्हणून २० जुलैला त्यांनीही राजीनामा दिला. दोन्ही पदं रिकामी झाली तर सरन्यायाधीशानं राष्ट्रपतीचं काम पाहावं, असा कायदा संसदेनं त्याच वर्षी केला होता. सरन्यायाधीश हिदायतुल्ला होते. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन शपथ घेईपर्यंत, म्हणजे ३५ दिवस, ते हंगामी राष्ट्रपती राहिले आणि मग मुकाट्यानं कोर्टात परत गेले. यात गैर काय झालं?

पऱ्हाटी
भाऊ, मले एक सांगा. रायपूरले त्यांच्या नावाचं लॉ विद्यापीठ हाय. म्हणजे छत्तीसगडनं त्यांले आपलं मानलं. शाळाबी त्यांची रायपूरचीच. १९५६ मध्ये ते जबलपूरले गेले, मंग दिल्लीले. आपल्या भिंतीवर काहून? विदर्भाची माणसं काय कमी पडली?

निवृत्त_मास्तर
पऱ्हाटी, ते जबलपूरला गेले कारण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यंच नव्यानं आखली गेली. आपण मुंबई राज्यात गेलो, मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. नागपूरची राजधानी गेली, मुख्य न्यायाधीशाची खुर्चीही गेली. ते विदर्भ सोडून गेले असं नाही, विदर्भाचं हायकोर्टच उठवलं गेलं. त्यानंतर पाच-दहा वर्षांत आपल्या लोकांना ती माणसं परकी वाटायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात जुन्या मध्यप्रांताचं पानच उरलं नाही. तसबीर लावाच.

संत्राबाग_काटोल
विदर्भाचे की नाही, हा वाद मला गौण वाटतो. माझा विरोध दुसऱ्या आक्षेपासाठी आहे आणि तो ठाम आहे. १९६९ चं सोडा, तेव्हा कायद्यानं भाग पाडलं. पण १९७९ मध्ये तेच उपराष्ट्रपती झाले, १९८४ पर्यंत राहिले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग उपचारासाठी अमेरिकेला गेले तेव्हा पुन्हा राष्ट्रपतीचं काम त्यांनी पाहिलं. उपराष्ट्रपतिपद घ्यायला कोणत्या कायद्यानं भाग पाडलं होतं? नको म्हणता आलं असतं. लॉ कमिशननं १९५८ मध्येच सांगितलं होतं की निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदं घेऊ नयेत. आणि दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश असताना जाहीर बोलले की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. भिंतीवर आदर्श लावायचा तर तो लावा.

तालुका_कोर्टातली
काटोलकर दादा, घटना समितीत के. टी. शहा यांनी नेमकी हीच बंदी सुचवली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. सुप्रीम कोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशानं वकिली करू नये एवढंच घटनेत आलं.

संत्राबाग_काटोल
ताई, ते मला माहीत आहे आणि बाबासाहेबांबद्दल आदर आहे म्हणूनच त्यांचं कारणही सांगतो. कोर्टापुढच्या दाव्यांत सरकारचा संबंध क्वचित येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४९ मध्ये ते बरोबर असेल. आज तुमच्याच कोर्टात बघा. धरणात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, रस्त्यात गेलेल्या संत्र्याच्या झाडांची किंमत, समोर कोण असतं? सरकार. माझ्या वडिलांची हयात अशाच एका दाव्यात गेली. निकाल देणाऱ्याचं पुढचं पद सरकारच्या हातात आहे, एवढी शंका जरी आली तरी पक्षकाराचा जीव अर्धा होतो.

तालुका_कोर्टातली
ती शंका मी रोज पक्षकारांच्या तोंडून ऐकते. तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण हा माणूस त्या मापात बसत नाही, दादा. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येतात का, हा वाद) ते सरकारच्या विरोधात गेले. सरकारनं बंद केलेल्या संस्थानिकांच्या तनख्याचा निकाल १५ डिसेंबर १९७० चा, त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवसाचा. तोही सरकारच्या विरोधात. ज्याला बक्षीस हवं असतं तो शेवटच्या दिवशी असं लिहीत नाही. मध्ये जवळजवळ नऊ वर्षं गेली आणि मग उपराष्ट्रपती झाले तेही बिनविरोध.

खरी परीक्षा मात्र १९६९ चीच होती. ९ ऑगस्टला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर राष्ट्रपती म्हणून सही त्यांनी केली. तोच कायदा पुढे त्यांच्याच कोर्टापुढे आला. अकरा न्यायाधीश बसले, न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली. सरन्यायाधीश त्या बाकावर नव्हते. १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक मतानं कायदा रद्द झाला. ज्यावर आपली सही आहे त्याचा न्याय आपण करायचा नाही, हे त्यांनी पाळलं.

पऱ्हाटी
बँकेचं मले आज समजलं. पण पीककर्जाले बँक उभी राहाले लागली ती सरकारच्या धोरणानं. सही त कोणीबी केली असती.

भूदानाचं_पोर
मी पवनारच्या बाजूचा. माझ्या आज्याला भूदानात दोन एकर मिळाले, त्यावर आम्ही जगलो. वर गोलकनाथचं कौतुक वाचून राहवलं नाही. तो खटला जमिनीच्या कमाल मर्यादेविरुद्धचा होता ना? पंजाबातल्या जमीनदार कुटुंबाचा. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असा निकाल देणाऱ्यांत हिदायतुल्ला होते. मग आमच्यासारख्यांनी त्या तसबिरीला हार का घालायचा? सरकारविरुद्ध लिहिलं म्हणजे गरिबाच्या बाजूनं लिहिलं असं होत नाही.

तालुका_कोर्टातली
दादा, प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यांचं स्वतंत्र निकालपत्र वाचाल तर त्यात स्पष्ट लिहिलंय की मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालणं हीच चूक होती, आणि सगळ्या मूलभूत हक्कांत तो सर्वात दुबळा आहे. गोलकनाथ कुटुंबाचा अर्जही फेटाळला गेला, जमीन त्यांना परत मिळाली नाही. हिदायतुल्लांची काळजी बाकीच्या हक्कांची होती. आज संसदेला मालमत्तेच्या हक्काला कात्री लावू दिली, तर उद्या बोलण्याच्या हक्काला कोण वाचवणार?

भूदानाचं_पोर
हे ठाऊक नव्हतं, ताई. तरी माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. सतरावी दुरुस्ती जमीनसुधारणेचे कायदे वाचवायला केली होती आणि तिच्यावर बोट त्यांनीही ठेवलंच. १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला, तो संसदेनं काढला, कोर्टानं नाही. तसबीर लावा, पण खाली हा खटलासुद्धा लिहा. पोरांना कळू द्या की मोठ्या माणसाच्या निकालाशीही भांडता येतं.

वणाकाठ
हे मला पटलं. तसबिरीखाली नागपूर हायकोर्ट आधी येईल, मग गोलकनाथ, मग १९६९ चे ३५ दिवस आणि बँकांच्या कायद्यावरची सही. उपराष्ट्रपतिपदही लिहीन, काटोलकर, तुमच्या आक्षेपासकट. पुढच्या बैठकीत ठेवतो.

संत्राबाग_काटोल
आक्षेपासकट असेल तर माझी हरकत नाही. मात्र १९७९ बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. माणूस स्वच्छ होता हे मान्य. त्याच्यासारख्या स्वच्छ माणसाचा दाखला देऊनच पुढच्यांनी पदं घेतली, हे माझं दुखणं आहे.